थ्रीडी प्रिंटरची मोटर अडली? ड्रायव्हर बदलण्याआधी हा क्रम पाळा

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ड्रायव्हर (प्रिंटरच्या बोर्डावरची, मोटरला करंट देणारी चिप; बऱ्याचदा खोचायच्या छोट्या मॉड्यूलवर असते) आणायचा, जुना उपटायचा, नवा खोचायचा, सप्लाय चालू करायचा आणि काही सेकंदांत जळका वास घ्यायचा. मग दुसरा आणायचा. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपपासून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवाल्या मुलांपर्यंत सगळीकडे हेच चालतं. गणपतीच्या आधी मखराचे तुकडे रात्रंदिवस छापले जात असतात, तेव्हा तर हमखास.

ड्रायव्हर आपणहून क्वचित मरतो. बहुतेक वेळा कशाने तरी मारला जातो: तुटकी वायर, चालू मशीनमध्ये ओढलेला कनेक्टर, जास्त करंट, बंद पंखा. ते कारण जागेवरच राहिलं तर नवा ड्रायव्हरही त्याच वाटेने जातो. आणि बऱ्याचदा जुना ड्रायव्हर ठणठणीत असतो, दोष बेल्टच्या पुलीत असतो. म्हणून खालच्या क्रमात ड्रायव्हर बदलणं अगदी शेवटी येतं. मधला टप्पा गाळू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलून मशीन चालू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि महिन्याभराने तोच खेळ पुन्हा.

## तयारी

मल्टिमीटर हवा, साधा चालेल. प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा बारीक पेचकस, मास्किंग टेप, बारीक परमनंट मार्कर, टॉर्च. जमल्यास एक चालू असल्याची खात्री असलेली नेमा १७ मोटर (अशा प्रिंटरांमध्ये नेहमी असते त्या मापाची स्टेपर मोटर) आणि तिची केबल. ही जोडी कपाटात असेल तर निम्मा वेळ वाचतो.

काहीही काढण्याआधी बोर्डाचे फोटो घ्या: वरून एक, आणि प्रत्येक ड्रायव्हरचा जवळून एक, पिनांजवळची अक्षरं वाचता येतील असा. प्रत्येक मोटर कनेक्टरवर टेप लावून एक्स, वाय, झेड (हालचालीचे तीन अक्ष), ई (एक्स्ट्रूडर, म्हणजे फिलामेंट ढकलणारा भाग) लिहा.

सावधान: सप्लायच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात. त्या टर्मिनलांवर झाकण नसेल तर आधी ते बसवा. मशीन बंद करणं म्हणजे बटण बंद, प्लग भिंतीतून बाहेर आणि यूएसबी केबलही बाहेर. यूएसबी लावलेली राहिली तर कित्येक बोर्डांना तिकडून पाच व्होल्ट मिळत राहतात आणि अर्धा बोर्ड जागाच असतो. बोर्डावरचा दिवा विझेपर्यंत थांबा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत मॉड्यूल हातात घेण्याआधी मशीनच्या धातूच्या फ्रेमला हात लावा.

## टप्पा १: लक्षण नीट ओळखा

‘मोटर चालत नाही’ एवढं पुरेसं नाही. चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते कागदावर लिहा.

मोटर पूर्ण गप्प आहे का? मग प्रिंटरला एम१७ ही कमांड देऊन (अशा कमांड कॉम्प्युटरवरून पाठवतात) मोटरांना करंट द्या आणि शाफ्ट दोन बोटांनी हलकेच फिरवून बघा. सहज फिरला तर मोटरच्या कॉइलमध्ये (आतल्या तारेच्या वेटोळ्यात) करंटच नाही: ड्रायव्हर, केबल किंवा एनेबलचा (ड्रायव्हर जागा करणारा) सिग्नल. शाफ्ट घट्ट धरलेला असेल आणि कमांड दिली तरी हलत नसेल, तर करंट आहे, स्टेपचा (एकेक पाऊल हल असं सांगणारा) सिग्नल पोचत नाही किंवा फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) हलवायला तयार नाही. या एका तपासणीने यादी अर्ध्यावर येते.

मोटर जागेवर थरथरते, गुरगुरते, पण फिरत नाही? एक कॉइल तुटलेली आहे किंवा मोटरच्या चार वायरींच्या दोन जोड्या एकमेकींत मिसळल्या आहेत. करंट फार कमी असला तरी असंच होतं.

एकाच दिशेने चालते? ड्रायव्हरला दोष देण्याआधी एम११९ देऊन एंडस्टॉपची (अक्षाच्या टोकाच्या स्विचची) स्थिती बघा. दाबलेला नसताना तो दाबलेला दिसत असेल, तर फर्मवेअर त्या दिशेला जाऊच देत नाही.

बराच वेळ नीट चालून अडखळते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते? उष्णता. अंतर बरोबर दुप्पट किंवा निम्मं पडतं? मायक्रोस्टेपचे जंपर (मोटरचं एक पाऊल किती भागांत तोडायचं ते ठरवणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या टोप्या). लेअर दर वेळी एकाच उंचीवर सरकतो? मग मॉडेलच्या त्या भागात नोझल आपटतंय. ड्रायव्हरला उंची कळत नाही.

एक फसवी केस एक्स्ट्रूडरची. थंड नोझलवर फिलामेंट ढकलायची कमांड दिली तर मार्लिन हे फर्मवेअर ती नाकारतं. मूळ सेटिंग १७० अंशांचं असतं. मोटर गप्प राहते आणि लोक ड्रायव्हर गेला म्हणून मोकळे होतात. आधी नोझल तापवा.

## टप्पा २: यंत्राचा भाग आधी निर्दोष ठरवा

मशीन बंद. हेड आणि बेड हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू सरकवा. जोरात सरकवलं तर मोटर जनरेटरसारखी वीज बनवते आणि ती उलट्या वाटेने बोर्डात जाते. बंद मशीनचा बेड ढकलल्यावर डिस्प्ले लुकलुकतो तो याचमुळे, आणि ते ड्रायव्हरच्या तब्येतीला चांगलं नाही.

सरकवताना कुठे अडतंय का, चाकं जास्त आवळलेली आहेत का, केबल फ्रेममध्ये अडकते का, ते बघा. झेडच्या लीडस्क्रूवर धूळ आणि वाळलेलं ग्रीस बसलं असेल तर पुसून नवं लावा.

लेअर सरकण्याच्या तक्रारीत सगळ्यात उपयोगी तपासणी मार्करची. मोटरचा शाफ्ट आणि त्यावरची पुली यांच्या तोंडावर, दोन्हींवरून जाईल अशी एक सरळ बारीक रेघ मारा. लेअर सरकेपर्यंत प्रिंट चालू द्या आणि मग टॉर्च लावून रेघ बघा. शाफ्टवरची रेघ एकीकडे आणि पुलीवरची दुसरीकडे गेली असेल, तर ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) सैल आहे. शाफ्टच्या सपाट बाजूवर एक ग्रब स्क्रू बरोबर येईल अशी पुली फिरवा, आवळा, विषय संपला. रेघ अखंड असेल, तर बेल्ट दात सोडतोय किंवा मोटरच स्टेप चुकवतेय.

एक्स्ट्रूडरचा टकटक आवाज येत असेल तर फिलामेंट काढून मोटर मोकळी फिरवा. आवाज थांबला तर नोझल चोंदलेलं आहे किंवा तापमान कमी आहे.

तपासा: मार्करची रेघ अखंड आहे, बेल्ट ताणलेला आहे, हाताने सगळं सारखं सरकतंय. हे तिन्ही ‘हो’ असेल तरच पुढे.

## टप्पा ३: सप्लाय

एकच अक्ष त्रास देत असेल तर या टप्प्यावर फार वेळ घालवू नका. सप्लायचा दोष सहसा सगळ्यांना एकदम भोवतो. वीज झपकली की बोर्ड रीसेट होतो आणि सगळ्या मोटरांची पकड एकाच वेळी सुटते. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं पुणेकरांना नवीन नाही. त्यानंतर पुन्हा सुरू केलेल्या प्रिंटमध्ये लेअर सरकलेला दिसला, तर त्याचं खापर ड्रायव्हरवर फोडू नका.

सगळ्या मोटरा एकत्र कमजोर पडत असतील तर व्होल्टेज सप्लायपाशी मोजू नका, बोर्डाच्या टर्मिनलवर मोजा, आणि तेही बेड तापत असताना. २४ व्होल्टच्या मशीनमध्ये सप्लायपाशी २४ आणि बोर्डावर बरंच कमी येत असेल, तर मधला जोड सैल आहे. काळवंडलेलं टर्मिनल किंवा टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबलेली वायर शोधा. सोल्डर स्क्रूखाली हळूहळू दबत जातं आणि जोड सैल होतो. तिथे फेरूल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावा.

## टप्पा ४: मोटर आणि केबल मोजा

ड्रायव्हर मारणारं सगळ्यात नेहमीचं कारण इथे सापडतं, म्हणून घाई करू नका.

सावधान: मशीन चालू असताना मोटरचा कनेक्टर कधीही काढू किंवा लावू नका. करंट वाहत असलेली कॉइल अचानक तुटली की व्होल्टेजचा मोठा झटका बसतो आणि ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो. ‘जरा हलवून बघतो’ म्हणून चालू मशीनमध्ये कनेक्टर दाबणंही यातच आलं.

मशीन बंद करून, तयारीत सांगितल्याप्रमाणे प्लग आणि यूएसबीही काढून, केबल बोर्डाच्या टोकाला काढा. मोटरच्या टोकाला ती तशीच राहू द्या, म्हणजे मोटर आणि केबल एकत्र मोजली जाईल. चार पिनांमध्ये दोन जोड्या असतात. नेमा १७ मोटरची एक कॉइल साधारण दीड ते तीन-चार ओहम दाखवते. आकडा मोटरप्रमाणे बदलतो, पण दोन्ही कॉइलचा आकडा जवळपास सारखाच हवा. एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंत काहीच जोड दिसता कामा नये. कोणत्याही पिनपासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंतही नाही. यासाठी अंगावरचा रंग थोडा खरवडून प्रोब टेकवा.

आता मीटर एका जोडीवर लावून ठेवा आणि केबल जिथे जिथे वळते तिथे ती वाकवत जा: एक्स मोटरजवळ, केबल चेनच्या कोपऱ्यावर, बेडखाली. आकडा क्षणभर उडाला, तर आत तार तुटलेली आहे आणि फक्त प्लास्टिकच्या आवरणामुळे टोकं भेटतायत. टेबलावर स्थिर मोजलेली केबल चांगली दिसते आणि हलत्या मशीनमध्ये दगा देते, कारण प्रत्येक फेरीला हा जोड उघडतो आणि ड्रायव्हरला तोच झटका बसतो. अशी केबल सांधू नका, बदला.

नवी केबल घेताना रंगांवर विश्वास ठेवू नका. मोटरच्या बाजूला सहा खाचांचा कनेक्टर असतो आणि बोर्डाच्या बाजूला चार पिनांचा. आतली ओळ प्रत्येक उत्पादकाची वेगळी. मीटर हाताशी नसेल तर सुट्या मोटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून शाफ्ट फिरवा. फिरवायला जड लागला तर ती जोडी. बोर्डावर जोडीच्या दोन पिना ड्रायव्हरच्या एकाच कॉइलला गेल्या पाहिजेत. जोडीतल्या जोडीत उलट झालं तर मोटर फक्त उलटी फिरेल. दोन जोड्या एकमेकींत मिसळल्या तर नुसती थरथरेल.

## टप्पा ५: अदलाबदल

आता पहिल्यांदा ड्रायव्हरकडे संशयाने बघायचं.

एक्सला त्रास असेल तर मशीन बंद करून बोर्डावर एक्स आणि वाय यांच्या मोटरांचे कनेक्टर एकमेकांच्या जागी लावा. हेड आणि बेड मध्यावर आणून ठेवा आणि चालू करून होम (अक्ष एंडस्टॉपपर्यंत नेऊन शून्य ठरवणं) न करता दहा मिलिमीटरची छोटी हालचाल द्या. होम केलं तर एक अक्ष चालेल आणि मशीन दुसऱ्याच अक्षाच्या एंडस्टॉपची वाट बघत राहील. बेल्ट कोपऱ्यात आपटत राहील. क्लिपर या दुसऱ्या फर्मवेअरमध्ये होम केल्याशिवाय साधी हालचाल होत नाही, तिथे स्टेपर_बझ ही कमांड वापरा. ती मोटर पुढे-मागे थोडी हलवून दाखवते.

दोष मोटरबरोबर बोर्डावरच्या दुसऱ्या जागी गेला, म्हणजे तीच मोटर अजूनही अडते, तर मोटर किंवा केबल. दोष बोर्डावरच्या त्याच जागी राहिला, म्हणजे आता दुसरी मोटर अडते, तर ड्रायव्हर, त्याचा सॉकेट किंवा त्याची सेटिंग. एंडरसारख्या मशीनच्या बोर्डावर ड्रायव्हर सोल्डर केलेले असतात, तिथे हीच एक सोपी चाचणी आहे. सुटी मॉड्यूल असतील तर पुढच्या फेरीला मोटरा मूळ जागी आणून मॉड्यूलांची अदलाबदल करा, म्हणजे ड्रायव्हर आणि सॉकेट वेगळे कळतील.

पण केबलमध्ये शॉर्ट सापडला असेल तर ही चाचणी करू नका. चांगला ड्रायव्हरही जाईल.

## टप्पा ६: करंट

कुठेतरी वाचलेला व्हीरेफचा आकडा डोळे झाकून लावणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. व्हीरेफ म्हणजे ड्रायव्हरवरच्या छोट्या पॉटवर (पेचकसाने फिरवायच्या बारीक स्क्रूवर) मोजायचं व्होल्टेज. त्याचा करंटशी हिशेब चिपवर आणि चिपशेजारच्या सेन्स रेझिस्टरवर ठरतो. टॉर्च लावून त्या दोन रेझिस्टरांवरचा छाप वाचा.

ए४९८८ या ड्रायव्हर चिपसाठी व्हीरेफ = ८ × करंट × रेझिस्टर (ओहममध्ये; आर१०० म्हणजे ०.१००). एक अँपिअर हवा असेल, तर आर१०० छाप असेल तिथे ०.८ व्होल्ट, आर०६८ असेल तिथे ०.५४, आर०५० असेल तिथे ०.४. म्हणजे आर१०० साठीचा ०.८ हा आकडा आर०५० च्या मॉड्यूलवर लावला की मोटरला दोन अँपिअर जातात.

डीआरव्ही८८२५ वर आर१०० असतो तेव्हा करंट व्हीरेफच्या दुप्पट: एक अँपिअरसाठी ०.५ व्होल्ट.

टीएमसी२२०८ आणि २२०९ ची आर११० वाली मॉड्यूलं स्वतंत्र, म्हणजे फर्मवेअरशी न जोडता वापरली तर आरएमएस (सरासरीसारखा परिणामी) करंट व्हीरेफच्या साधारण ०.७१ पट. ०.८ अँपिअरसाठी सुमारे १.१ व्होल्ट. इथला आकडा आरएमएस आहे आणि वरच्या दोघांचा पीक (कमाल), म्हणून दोन्हींची थेट तुलना करू नका. पीक म्हणजे आरएमएसच्या १.४१ पट.

टीएमसी यूएआरटीने (फर्मवेअर ज्या वायरीने ड्रायव्हरशी बोलतं तिने) जोडलेला असेल तर सहसा पॉट फिरवून काहीच होत नाही. करंट फर्मवेअरमधून ठरतो: मार्लिनमध्ये एम९०६ ने, मिलिअँपिअरमध्ये, आणि नंतर एम५०० देऊन जपून ठेवायचा, क्लिपरमध्ये रन_करंट ही ओळ. पॉट फिरवत बसून तासभर घालवलेले लोक बरेच आहेत.

किती ठेवायचा? मोटरच्या पट्टीवरच्या आकड्याच्या साठ-सत्तर टक्क्यांपासून सुरुवात करा. स्टेप चुकत असतील तर थोडा वाढवा. मोटर हाताला चटका देत असेल तर कमी करा. मोटर स्वतः ८० अंश सहन करते, पण तिला धरणारा पीएलएचा ब्रॅकेट ६० च्या आसपास मऊ पडतो, आणि मे महिन्यात पुण्यातली खोलीच ३८-४० अंशांना टेकलेली असते.

मोजताना मीटरचा काळा प्रोब सप्लायच्या ऋण टर्मिनलवर, लाल पॉटच्या धातूच्या डोक्यावर. लाल प्रोब घसरून शेजारच्या पिनांना लागला तर चिप संपली, त्यामुळे दुसरा हात टेबलावर टेकवून धरा. पॉट केसाएवढा फिरवा, मोजा, पुन्हा फिरवा. कोणत्या दिशेने वाढतं ते मॉड्यूलनुसार बदलतं. मीटर सांगेल तेच खरं.

## टप्पा ७: उष्णता

ड्रायव्हर फार तापला की स्वतःला बंद करतो आणि थंड झाला की पुन्हा चालू होतो. तेवढ्या वेळात मशीनला सहसा काही कळत नाही; फर्मवेअर स्टेप पाठवत राहतं आणि लेअर सरकतो.

बोर्डाचा पंखा फिरतोय का हे प्रिंट चालू असताना बघा. काही मशीनमध्ये तो प्रिंट थंड करणाऱ्या पंख्याबरोबरच चालतो, त्यामुळे पहिल्या थराला आणि एबीएसला बंदच राहतो. तो थेट सप्लायवर घ्या, पण पंख्याचं व्होल्टेज आणि सप्लायचं व्होल्टेज एकच आहे ना ते आधी वाचा. बोर्डाच्या खोक्यातली जाळी धुळीने भरलेली असेल तर साफ करा. हीटसिंक वाकडा होऊन पिनांना टेकत नाही ना, ते बघा. उन्हाळ्यात चिकटपट्टी सैल होऊन तो घसरतो.

यूएआरटीवाल्या टीएमसीला थेट विचारता येतं: मार्लिनमध्ये तशी सोय चालू केलेली असेल तर एम१२२, क्लिपरमध्ये डंप_टीएमसी. उत्तरात ओटीपीडब्ल्यू म्हणजे तापल्याचा इशारा, ओटी म्हणजे तापून बंद. एस२जीए, एस२जीबी म्हणजे मोटरच्या वायरीचा शॉर्ट. टप्पा ४ ला परत जा. ओएलए, ओएलबी म्हणजे तुटकी कॉइल, पण मोटर थांबलेली असताना हा इशारा खोटा येतो, तो बघून केबल फेकू नका. क्लिपरने यूएआरटी वाचता येत नाही अशी तक्रार केली तर आधी मोटरचा सप्लाय चालू आहे का ते बघा; नुसत्या यूएसबीवर टीएमसी उत्तर देत नाही.

## टप्पा ८: आता ड्रायव्हर बदला

इथवर आलात आणि दोष ड्रायव्हरमध्येच सापडला, तर बदला. पण जुना कशाने गेला, ते कागदावर एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. येत नसेल तर टप्पा ४ पुन्हा करा.

१. दिशा अक्षरांवरून ठरवा. मॉड्यूलवरची ईएन, जीएनडी, व्हीमॉट ही अक्षरं बोर्डावरच्या त्याच अक्षरांशी जुळवा. पॉट कुठे आहे त्यावरून कधीच नाही: ए४९८८ आणि डीआरव्ही८८२५ यांचे पॉट विरुद्ध टोकांना असतात. उलटा बसवलेला ड्रायव्हर चालू करताच जातो, कधी बोर्डालाही घेऊन.

२. बाजूने बघून मॉड्यूल एक पिन पुढे-मागे सरकून बसलेलं नाही ना, ते तपासा.

३. जंपर. तिन्ही जंपर लावलेले असताना ए४९८८ १६ मायक्रोस्टेप देतो आणि डीआरव्ही८८२५ ३२. जुन्या सेटिंगवर सगळी अंतरं निम्मी पडतील. २० दातांची पुली, जीटी२ बेल्ट आणि १.८ अंशांची मोटर असेल, तर १६ ला मिलिमीटरमागे ८० स्टेप, ३२ ला १६०.

४. मोटर न लावता चालू करा, व्हीरेफ लावा, बंद करा. मग मोटर लावा, पुन्हा चालू करा.

५. ए४९८८ च्या जागी टीएमसी२२०८ किंवा २२०९ आला असेल तर मोटर उलटी फिरेल. फर्मवेअरमध्ये दिशा बदला, किंवा मशीन बंद करून कनेक्टर उलटा लावा. पहिल्यांदा होम करताना हात बटणावर ठेवा.

सोल्डर केलेल्या ड्रायव्हरसाठी हॉट एअर आणि सराव लागतो. बोर्डावर दुसऱ्या एक्स्ट्रूडरची जागा रिकामी असेल, तर फर्मवेअरमध्ये पिना बदलून मेलेल्या अक्षाला तो ड्रायव्हर देता येतो. बोर्ड बदलण्याआधी याचा विचार करा.

शेवटची चाचणी मोठ्या प्रिंटने करू नका. होम करून हेड एक्स १०० वर न्या, नोझलच्या बरोबर खाली बेडवर टेपचा तुकडा लावून मार्करने ठिपका द्या. मग हेड थोडं वर उचलून एक्समध्ये जलद फेऱ्या पाच-दहा मिनिटं चालवा, शक्यतो दुपारी, खोली तापलेली असताना. नंतर पुन्हा होम न करता एक्स १०० वर आणा आणि खाली उतरवा. नोझल ठिपक्यावरच आलं तर वायचीही हीच चाचणी घ्या, आणि मगच मखराचा पुढचा तुकडा लावा. जरा जरी बाजूला आलं तर करंट आणि पंखा पुन्हा बघा. काढलेल्या ड्रायव्हरवर लाल मार्करने फुली मारा, नाहीतर तो सुट्या भागांच्या डब्यात जाईल आणि ऐन घाईत पुन्हा कुठल्या तरी बोर्डावर बसेल.